दादा न्यायला आलाय

सुलेखा रणनवरे थकलेली असते हे तिच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि माहीत होतं म्हणूनच कोणी तिला तसं विचारत नसे. सकाळी सिंगापूरच्या यिशुन भागातल्या फ्लॅटमधून निघायचं, एमआरटीच्या गाडीत उभं राहून तांजोंग पगारला जायचं, तिथल्या विमा कंपनीत दिवसभर लोकांचे क्लेम तपासायचे आणि त्यातल्या बऱ्याच जणांना गोड शब्दांत 'नाही' कळवायचं, हे तिचं काम. नाही म्हणण्यात तिचा हातखंडा होता. "तुमची अडचण आम्ही समजू शकतो" अशी सुरुवात करून ती असं काही नाही म्हणे की समोरचा शेवटी तिलाच थँक्यू म्हणून फोन ठेवी.

संध्याकाळी परत तीच गाडी, तीच गर्दी. मग स्वयंपाक, लेकीची, आर्याची परीक्षा, नवरा निशिकांतचे शर्ट, रविवारी चर्च. मधूनच महाराष्ट्र मंडळातल्या बायकांचे फोन. नाव सुलेखा, आडनाव रणनवरे, बोलणं नगरचं. बायका तिला हळदीकुंकवाला बोलवत. ती जाई, आणि आपण ख्रिस्ती आहोत हे कधीतरी ओघात सांगे. "अय्या, वाटत नाही हं!" असं हमखास ऐकू येई. काय वाटायला हवं होतं, हे विचारायचा तिने कंटाळा केला.

खरं तर तिला आफ्रिकेत जायचं होतं. हसू येईल कुणाला, पण होतं. नगरला मिशनच्या बोर्डिंगात असताना एक म्हाताऱ्या मिससाहेब भिंतीवर पांढरी चादर लावून आफ्रिकेतल्या दवाखान्याची चित्रं दाखवायच्या. एकदा प्रार्थनेच्या वेळी सुलेखा सगळ्यांसमोर उठून म्हणाली होती, "मी नर्स होणार आणि तिकडे जाणार." मुली हसल्या. मिससाहेब हसल्या नाहीत. सुलेखाला एवढंच पुरलं.

मग एका दुपारी भूगोलाच्या तासाला वर्गाच्या दारात शिरीषदादा येऊन उभा राहिला. शिपाईमामांनी वर्दी दिली, "सुलेखा, दादा न्यायला आलाय." आई आजारी होती. खोटं नव्हतं ते. आई अंथरुणाला खिळली होती, वडील आधीच ख्रिस्तवासी झाले होते, आणि घरात बाईमाणूस कोणी नव्हतं. आई पुढे बरी झाली. सुलेखा मात्र बोर्डिंगात परत गेली नाही. दादाने ठरवलं होतं. त्याने कुणावर आवाज चढवला नाही, हात उगारला नाही. नुसतं ठरवलं, आणि तेही सगळ्यांच्या भल्यासाठी. ती बाहेरून बी.कॉम. झाली, लग्न होऊन पुण्याला गेली आणि निशिकांतच्या नोकरीबरोबर सिंगापूरला आली. दादा अजूनही दर नाताळाला फोन करून "सुले, जेवलीस का?" विचारतो. अशा माणसावर धड रागावताही येत नाही. तो राग तिने तसाच ठेवून दिला होता, जुन्या साडीसारखा, घडी न मोडता.

दोन हजार सोळा साली चर्चमधल्या ग्रेस आंटींनी तिला विचारलं, "माझ्या मुलींचे फोन तू घेशील का?" तेव्हा थकलेली सुलेखा नाही म्हणायच्या ऐवजी चक्क हो म्हणून बसली.

ग्रेस लिम ही सिंगापूरची चिनी बाई, बुटकी, करड्या आवाजाची. टांझानियात, व्हिक्टोरिया सरोवरापासून आत एका खेड्यात, तिने आयुष्याची उमेदीची वर्षं घालवली होती. तिथे चर्चने मुलींसाठी एक घर बांधलं होतं. न कळत्या वयात लग्न लावून द्यायला निघालेल्या, किंवा लावून दिलेल्या आणि पळून आलेल्या मुली तिथे राहत, शाळेत जात. सासरी-माहेरी थारा नसलेल्या काही बायकाही होत्या. त्यातल्याच एक, मामा रेहेमा, आता ते घर सांभाळत. ग्रेस आंटी हृदयाच्या ऑपरेशनसाठी सिंगापूरला परतल्या होत्या, आणि चर्चच्या कमिटीने नियम केला होता की त्या बऱ्या होईपर्यंत कुठलीही मुलगी घराबाहेर पाठवायची तर सिंगापूरची परवानगी हवी. मुलगी तिथे, गाव तिथे, माहिती सगळी तिथे, आणि हो-नाही मात्र यिशुनमध्ये. कमिट्या अशाच असतात.

"मामा म्हणजे आई बरं का," ग्रेस आंटींनी पहिल्याच दिवशी सांगितलं. "स्वाहिलीत आईला मामा म्हणतात."

हे घरी सांगितल्यावर आर्याला हसू आवरेना. पुढे फोन वाजला की ती सिंगापुरी ढंगात ओरडे, "मम्मी, युअर मामा कॉलिंग, लाह!" आणि निशिकांत पेपरातून डोकं वर काढून विचारी, "मामा म्हणजे मामी की आई?" सुलेखाही हसे. घरात तिच्यामुळे हसणं व्हायला लागून बराच काळ लोटला होता.

मामा रेहेमांचं इंग्रजी मोडकंतोडकं पण वाहतं. एक गंमत होती: त्यांच्या भाषेत तो आणि ती असा भेद नाही, म्हणून इंग्रजी बोलताना त्यांच्या 'ही' आणि 'शी'ची सरमिसळ होई. स्वयंपाकीणबाईंना त्या 'ही' म्हणत आणि बैलाला 'शी'. आणि प्रत्येक फोनच्या शेवटी त्या म्हणत, "पोले ना काझी." सुलेखाने पहिल्यांदा ऐकलं तेव्हा तिला वाटलं, हा कोण काझी?

"काझी म्हणजे काम," ग्रेस आंटींनी सांगितलं. "कुणी काम करताना दिसला की तिकडे म्हणतात, तुला कामाचा त्रास होतोय, वाईट वाटतं. ओळख असो नसो. रस्त्यात पाण्याची कळशी घेऊन जाणाऱ्या बाईलाही म्हणतात."

सुलेखाला ते फार आवडलं. तांजोंग पगारच्या त्या उंच इमारतीत असं कोणी कुणाला म्हणालं असतं तर! घरी तरी कोण म्हणत होतं? तिने निशिकांतला सांगून पाहिलं. तो म्हणाला, "छान आहे," आणि चहा मागितला.

ऑपरेशनला जायच्या आधी ग्रेस आंटींनी तिला एकच सूचना दिली. "रेहेमाला सगळं कळतं, तिच्यावर भरवसा ठेव. फक्त भाऊ किंवा काका मुलीला न्यायला आला तर नाही म्हण. तिकडे लग्नं तेच ठरवतात. मुलीच्या बदल्यात मिळणाऱ्या गायी त्यांच्याकडे येतात ना. आई आजारी आहे, आजी बोलावतेय, काहीही सांगतात. नेलेली मुलगी परत येत नाही."

"नाही म्हणणं मला जमतं," सुलेखा म्हणाली.

गुरुवारी संध्याकाळी तो फोन आला. ग्रेस आंटी हॉस्पिटलात होत्या, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. सुलेखाचं दिवसभर बॉसशी वाजलं होतं, पाय सुजले होते, घरी जाऊन पोळ्या लाटायचं त्राण नव्हतं म्हणून ती स्टेशनजवळच्या हॉकर सेंटरमध्ये रात्रीचं जेवण बांधून घ्यायला रांगेत उभी होती. पंखे घरघरत होते, थाळ्या आपटत होत्या. ओळीने नंबर पुकारले जात होते. एका हातात ऑफिसची बॅग, दुसऱ्यात फोन.

"नीमाची आई फार आजारी आहे," मामा रेहेमा सांगत होत्या. "खूप आजारी. दादा न्यायला आलाय. मी पाठवू?" बोलल्या त्या इंग्रजीतच: दादा हॅज कम टु टेक हर. पण सुलेखाच्या कानात ते मराठीतच शिरलं, जसंच्या तसं.

नीमा तिला माहीत होती. तेरा-चौदा वर्षांची, लांब मानेची, फोटोत कधीच न हसणारी. नावसुद्धा आपल्याकडचं वाटावं असं. तिचं लग्न तिच्या मोठ्या भावाने ठरवलं होतं, बापाच्या वयाच्या माणसाशी, आणि ती तिथून पळून आली होती, एवढं ग्रेस आंटींनी सांगितलं होतं. आणि आता तोच दादा दारात. आई आजारी म्हणून.

परका शब्द असता तर सुलेखाने अर्थ विचारला असता. घरातल्या शब्दाचा अर्थ कोण विचारतं?

"नाही," ती म्हणाली. "पाठवायचं नाही."

मग मामा रेहेमा म्हणाल्या, "ही इज क्रायिंग. दादा गेटपाशी बसून रडतोय."

"रडू दे," सुलेखा म्हणाली. तिचा आवाज तिलाच ओळखू आला नाही. "तुम्हाला माहीत नाही मामा, हे असंच करतात. रडतात, आईचं नाव सांगतात आणि घेऊन जातात. मी ओळखते चांगली. नीमाला सोडायचं नाही. माझं नाव सांगा."

"यू आर शुअर?"

"शंभर टक्के."

काउंटरवरच्या माणसाने तिचा नंबर ओरडून सांगितला. एका मुलीने आपल्या आईला बघायला जावं की नाही, हे असं फिशबॉल नूडल्सच्या रांगेत ठरलं. मामा रेहेमांनी त्या दिवशी 'पोले ना काझी' म्हटलं नाही, हे सुलेखाच्या लक्षातही आलं नाही.

त्या रात्री ती गाढ झोपली. कुणाला सांगितलं नाही, पण तिला फार बरं वाटत होतं. आयुष्यात एकदा तरी कुणीतरी दादाला दारातून परत पाठवलं होतं. सकाळी गाडीत उभी असतानाही तिची मान ताठ होती, आणि शेजारच्या बाईच्या पिशवीचा कोपरा बरगडीत टोचत होता तरी तिला त्याचं काही वाटलं नाही.

पुढे ग्रेस आंटी घरी आल्या. काही दिवसांनी काठी टेकत चर्चच्या हॉलमध्येही आल्या. शनिवारी दुपारी तिथे बायका जमून त्या घरातल्या मुलींसाठी फ्लॅनेलचे कापडी पॅड शिवत. पाळीच्या दिवसांत मुलींची शाळा बुडू नये म्हणून. सुलेखा कापड कापायला बसायची, कारण शिवणयंत्राशी तिचं कधी जमलं नाही. ग्रेस आंटी तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांनी विचारलं, "रेहेमाकडून काही?"

"सगळं ठीक. नीमाचा दादा आला होता न्यायला. परत पाठवला." सुलेखाने हे अगदी सहज सांगितलं, पण मनातून ती शाबासकीची वाट बघत होती.

"कोण आला होता?"

"दादा. तिचा भाऊ. आई आजारी आहे म्हणाला. मी काही भुलले नाही."

ग्रेस आंटींचा हात कापडावरच थांबला. "रेहेमा भाऊ म्हणाली? ब्रदर?"

"दादा म्हणाली. स्पष्ट ऐकलं मी. आमच्यात मोठ्या भावाला दादाच म्हणतात."

"तुमच्यात," ग्रेस आंटी म्हणाल्या. मग अगदी हळू, "सुलेखा, स्वाहिलीत दादा म्हणजे बहीण. मोठी बहीण."

यंत्रांचा खडखडाट चालू होता. सुलेखाने विचारलं, "मग भावाला काय म्हणतात?"

"काका."

हसू येण्यासारखीच गोष्ट होती. मामा म्हणजे आई आणि काका म्हणजे भाऊ. निशिकांतला सांगितलं असतं तर दिवसभर पुरलं असतं. सुलेखाच्या ओठांवर ते हसू येता येता तिथेच मेलं. मामा म्हणजे आई हे माहीत असताना, त्यावर इतके दिवस विनोद केलेले असताना, दादा म्हणजे कोण हे विचारायचं सुचू नये?

"पेंडो असेल ती," ग्रेस आंटी म्हणाल्या. "तलावाकाठी मासे सुकवायच्या कामावर आहे. भावाच्या तावडीतून नीमाला तिनेच सोडवलं. स्वतः चालत आणून माझ्या हवाली केलं. 'मी सोडून दुसऱ्या कुणाबरोबर पाठवू नका' म्हणाली होती." मग त्या म्हणाल्या, "हे मी तुला सांगायला हवं होतं. माझं चुकलं."

असं म्हणणं हा त्यांचा चांगुलपणा होता. सुलेखाला तो सहन झाला नाही. ती कात्री ठेवून बाहेर जिन्यात गेली आणि तिने फोन लावला.

मामा रेहेमांनी सगळं सांगितलं. आवाजात राग नव्हता. राग असता तर सुलेखाला सोपं गेलं असतं. पेंडो बसने आली होती. शेवटची बस सुटेपर्यंत गेटपाशी बसून होती. नीमा आतून बघत होती. पेंडो परत पोहोचली तेव्हा आई जिवंत होती, शुद्धीवर होती, आणि नीमा कुठे आहे म्हणून विचारत होती. दुसऱ्या दिवशी गेली.

"तुम्ही मला सांगायचं नाही का?" सुलेखा जवळजवळ ओरडली. "पुन्हा फोन करायचा! ती बहीण आहे म्हणून सांगायचं!"

"सांगितलं होतं," मामा रेहेमा म्हणाल्या. "दादा म्हटलं होतं. तुम्ही म्हणालात, मी ओळखते चांगली. आम्हाला वाटलं, सिंगापूरच्या ऑफिसला काहीतरी माहीत असेल. आम्हाला माहीत नसलेलं." मग म्हणाल्या, "ऑफिस नाही म्हणालं. आम्ही काय करणार?"

सुलेखा जिन्यातच बसली. असं 'नाही' ऐकवलेली किती माणसं होती तिच्या आयुष्यात! त्यांच्या आवाजातला हा समजूतदारपणा तिला तोंडपाठ होता. तो आपण गोड बोललो म्हणून येतो, असं तिला इतकी वर्षं वाटत आलं होतं.

शिरीषदादा आठवला. त्यानेही कुणाला विचारलं नव्हतं. सगळं ठाऊक आहे अशा खात्रीने त्याने ठरवलं होतं, आणि तेही भल्यासाठीच. तिने मनातल्या मनात त्याच्याशी इतकी वर्षं भांडण केलं होतं. आज भांडायला तोंड उरलं नव्हतं.

तिने ग्रेस आंटींना विचारलं, क्षमा कर याला त्या भाषेत काय म्हणतात? "निसामेहे," त्यांनी सांगितलं. "पण कमिटीतर्फे रीतसर कळवू आपण. तू एकटीने अंगावर घेऊ नकोस." सुलेखा म्हणाली, "कमिटीतर्फे नाही." एरवी ती ग्रेस आंटींचा शब्द मोडत नसे.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. पेंडो उपासनेनंतर नीमाला भेटायला येणार, असं मामा रेहेमांनी सांगितलं होतं. आईचं एक लुगडं राहिलं होतं, ते द्यायला. सुलेखाने संध्याकाळी जेवणाची तयारी अर्धवट टाकली. घरात निशिकांतची मॅच चालू होती म्हणून ती खाली बिल्डिंगखालच्या मोकळ्या जागेत, दगडी बाकावर जाऊन बसली. पलीकडे दोन म्हातारे चिनी पटावर सोंगट्या हलवत होते. तिने 'निसामेहे' पुन्हापुन्हा पुटपुटून पाहिलं. जीभ अडखळत होती. तिने फोन स्पीकरवर टाकला आणि शेजारी बाकावर ठेवला.

मामा रेहेमांनी आधी नीमाला बोलावलं. दुरून काही बोलणं ऐकू आलं. मग त्या म्हणाल्या, "नीमा येत नाही."

"असू दे," सुलेखा म्हणाली. "जबरदस्ती करू नका."

मग दुसरा आवाज आला. घोगरा, सर्दी झाल्यासारखा. "हॅलो."

सुलेखा ठरवलेलं सगळं विसरली. आधी इंग्रजीत काहीतरी बोलली, मग तिचं तिलाच कळेना म्हणून मराठीत म्हणाली, "माझ्यामुळे झालं. मला वाटलं, तू भाऊ आहेस. माझीच चूक." मग तो एक शब्द, चुकतमाकत. "निसामेहे."

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. कुणीतरी बादली ओढत होतं. सुलेखा वाट बघत होती, शिवीची, रडण्याची, फोन बंद होण्याची. यातलं काहीही तिने मुकाट्याने घेतलं असतं.

"पोले ना काझी," ती घोगऱ्या आवाजाची बाई म्हणाली. मग पुन्हा, "पोले ना काझी, दादा."

फोन बंद झाला. ही क्षमा होती का, सुलेखाला कळलं नाही. तिकडे तर वाटेत भेटलेल्या कुणालाही असं म्हणतात. थकलेला माणूस ओळखीचा असो नसो. पण इतक्या वर्षांत मामा रेहेमांखेरीज तिला हे दुसरं कोणी म्हणालं नव्हतं, आणि ते म्हणणारी ही निघावी, हे तिला पेललं नाही. ती नसलेल्या पदराचा बोळा तोंडाला लावावा तशी ओढणी तोंडाशी धरून रडली. सोंगट्यांवाल्या म्हाताऱ्यांनी एकदा वर बघितलं आणि पुन्हा डाव सुरू केला.

लिफ्टमधून आर्या आली. "मम्मी, पप्पा इज हंग्री, लाह," म्हणत ती जवळ आली आणि आईचं तोंड बघून थबकली. बाकावरच्या फोनकडे तिने बोट दाखवलं. "कोणाचा फोन? शिरीष मामाचा? येताना मी ऐकलं, दादा म्हणालं कोणीतरी."

सुलेखाने डोळे पुसले.

"मला म्हणाली ती," ती म्हणाली.